क्लॉज ओळखायची खात्रीची रीत : एसएसएलसी-पीयूसीच्या (कर्नाटकातल्या दहावी आणि अकरावी-बारावीच्या) मराठी मुलांसाठी

येळ्ळूर_अभ्यासिका
नमस्कार मंडळी. बेळगाव तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या दहावीच्या मुलांना इंग्रजीतला क्लॉज, म्हणजे उपवाक्य, शिकवताना एकच अडचण पुन्हा पुन्हा येते. ‘दॅट’ दिसलं की नाउन (नामाचं काम करणारा) क्लॉज, ‘हू’ दिसलं की ॲडजेक्टिव्ह (विशेषणाचं), ‘व्हेन’ दिसलं की ॲडव्हर्ब (क्रियाविशेषणाचं), असं मुलं पाठ करतात. मग खालच्या तिन्ही वाक्यांत उत्तर ‘ॲडव्हर्ब क्लॉज’ असंच येतं :

आय डू नॉट नो व्हेन द खानापूर बस लीव्ह्ज.
आय रिमेंबर द डे व्हेन द रिव्हर फ्लडेड द रोड.
व्हेन द बस रीच्ड खानापूर, इट वॉज रेनिंग.

यातलं फक्त तिसरं बरोबर आहे. पाठांतराला धरून न राहता मुलांना स्वतः तपासता येईल अशी रीत कुणी नीट मांडाल का? व्याख्या नकोत, त्या पुस्तकात आहेत.

खानापूर_इंग्लिश
पाठ केलेला नियमच चुकीचा आहे, मुलांचा दोष नाही. क्लॉजचा प्रकार त्याच्या पहिल्या शब्दावरून ठरत नाही. तो वाक्यात कुठलं काम करतो त्यावरून ठरतो. ‘व्हेन’ हा नुसता दरवाजा आहे, आतलं घर कुणाचं ते दरवाजा सांगत नाही.

रीत अशी. आधी क्लॉज किती ते शोधा, प्रकार नंतर. बहुतेक मुलं हा पहिला टप्पा गाळतात आणि तिथंच सगळं बिनसतं.

वाक्यातली फायनाइट क्रियापदं अधोरेखित करायची. फायनाइट म्हणजे काळाप्रमाणे बदलणारं क्रियापद. ओळखायची युक्ती सोपी : वाक्य ‘काल’मध्ये नेऊन बघा. ‘शी वाँट्स टु बाय अ सारी’ हे काल झालं तर ‘शी वाँटेड टु बाय अ सारी’. ‘वाँट्स’ बदललं, ‘बाय’ जसंच्या तसं राहिलं. म्हणून फायनाइट क्रियापद एकच, क्लॉज एकच. ‘टु’ लागलेलं, ‘आयएनजी’ लागलेलं आणि सहायकाशिवाय आलेलं तिसरं रूप मोजायचं नाही. सहायक क्रियापदं मुख्य क्रियापदाला धरून एकच मोजायची. ‘हॅज बीन वेटिंग’ हे तीन शब्द मिळून एक. ‘हॅज’ला एक आणि ‘वेटिंग’ला एक अशी टिकमार्क करणारी मुलं प्रत्येक वर्गात सापडतात.

जितके फायनाइट क्रियापदांचे गट, तितके क्लॉज. हा आकडा वहीच्या समासात लिहून ठेवायचा. शेवटी उत्तरात तितके क्लॉज आले नाहीत तर कुठेतरी चुकलंय हे मुलाला आपोआप कळतं.

आता प्रकार. जोडशब्दापासून क्लॉज पूर्ण उचलायचा, त्या जागी बोट ठेवायचं आणि एक-एक करून तपासायचं :

पहिलं, त्या जागी ‘इट’ किंवा ‘समथिंग’ बसतं का? ‘आय डू नॉट नो इट’. बसलं. नाउन क्लॉज.

दुसरं, क्लॉजच्या अगदी अलीकडे नाम आहे का आणि क्लॉज त्या नामाला ‘कोणता?’चं उत्तर देतो का? ‘द डे’ कोणता? ज्या दिवशी नदीचं पाणी रस्त्यावर आलं तो. ॲडजेक्टिव्ह क्लॉज.

तिसरं, क्लॉज काढून टाकला तरी उरलेलं वाक्य उभं राहतं का आणि क्लॉज क्रियापदाला कधी, कुठे, का, कसं, कशासाठी, कुठल्या अटीवर यातलं काही सांगतो का? ‘इट वॉज रेनिंग’ एकटं उभं राहतं. कधी? बस पोहोचली तेव्हा. ॲडव्हर्ब क्लॉज.

क्रम बदलू नका. ‘इट’ची चाचणी आधीच घ्यायची. ‘कधी’ हा प्रश्न आधी विचारला की मूल ‘आय डू नॉट नो’वाल्या वाक्यातही ‘कधी सुटते?’ म्हणून ॲडव्हर्ब लिहून मोकळं होतं.

कडोली_वाचक
छान मांडलंय सर. एक लांब वाक्य पूर्ण सोडवून दाखवाल का? मुलांना तुकडे करून दाखवल्याशिवाय पटत नाही बघा.

खानापूर_इंग्लिश
दाखवतो की. भातशेतीचंच वाक्य घेऊ :

‘द फार्मर हू हॅड केप्ट हिज राईस इन द गोडाऊन सेड दॅट ही वुड सेल इट व्हेन द प्राइस रोज.’

फायनाइट गट : हॅड केप्ट, सेड, वुड सेल, रोज. चार. समासात ४ लिहा.

जोडशब्द : हू, दॅट, व्हेन. तीन. जोडशब्द क्लॉजपेक्षा एकानं कमी असतात, कारण मेन (मुख्य) क्लॉजला जोडशब्द लागत नाही. हा ताळाही उपयोगी आहे. कमी भरले तर कुठेतरी ‘दॅट’ किंवा ‘हूम’ गाळलेला आहे असं समजायचं.

मेन क्लॉज : ‘द फार्मर सेड’. कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये दुसरा क्लॉज घुसला की मुलं ‘द फार्मर हू हॅड केप्ट हिज राईस’ असं एक वाक्य समजतात आणि ‘सेड’ला कर्ता सापडत नाही. प्रत्येक फायनाइट क्रियापदाला ‘कोण?’ विचारायला लावा. सेड, कोण? द फार्मर. हॅड केप्ट, कोण? हू.

‘हू हॅड केप्ट हिज राईस इन द गोडाऊन’ : कोणता शेतकरी? ॲडजेक्टिव्ह क्लॉज, ‘फार्मर’ला धरून.
‘दॅट ही वुड सेल इट’ : ‘द फार्मर सेड समथिंग’. नाउन क्लॉज, ‘सेड’चं कर्म.
‘व्हेन द प्राइस रोज’ : कधी विकणार? ॲडव्हर्ब क्लॉज ऑफ टाइम.

इथं बारकाईनं बघा. हा शेवटचा क्लॉज ‘सेड’ला धरून नाही. दर वाढल्यावर तो बोलला असा अर्थ नाही, दर वाढल्यावर विकीन असं तो बोलला. म्हणजे तो ‘वुड सेल’ला धरून आहे, नाउन क्लॉजच्या पोटातला. ‘कुठल्या शब्दाला धरून’ हे लिहिलं नाही तर प्रकार बरोबर असूनही विश्लेषण अर्धंच राहतं.

शहापूर_पीयू
मेन क्लॉजबद्दल जोडतो. ‘द फार्मर सेड’ एवढंच वाचून मुलं म्हणतात, हे तर अपुरं आहे, मग हे मेन कसं? कारण ‘मेन क्लॉज म्हणजे पूर्ण अर्थ देणारं वाक्य’ अशी व्याख्या त्यांना दिलेली असते. नाउन क्लॉज कर्म किंवा कर्ता असतो तेव्हा तो मेन क्लॉजचाच एक अवयव असतो. तो काढला की मेन लंगडाच दिसणार. म्हणून ‘ज्याच्या आधी जोडशब्द नाही तो मेन’ ही खूण जास्त भरवशाची. तेवढं ‘अँड, बट, ऑर, सो’ वगळून. त्यांच्या पुढचा क्लॉज कोऑर्डिनेट, तो आधीच्याच दर्जाचा.

दर्जा शब्द मुद्दाम वापरला. ‘आय नो दॅट ही केम अँड दॅट ही पेड’ यात ‘अँड’ दोन नाउन क्लॉज जोडतोय. ‘अँड’ दिसला म्हणून हे वाक्य कंपाउंड होत नाही. मेन एकच, ‘आय नो’. वाक्य कॉम्प्लेक्सच.

निपाणी_त्रिभाषिक
सीमाभागातल्या मुलांच्या चुका थोड्या वेगळ्या असतात, त्याकडे लक्ष वेधते. घरी मराठी, बाजारात कन्नड, पेपरात इंग्रजी. तिन्हींची रचना डोक्यात एकदम चालू असते.

आपण बोलताना ‘काल आलेलं पोरगं’ म्हणतो. कन्नडमध्ये ‘निन्ने बंद हुडुग’. दोन्हीकडे वर्णन आधी, नाम नंतर. इंग्रजीत ॲडजेक्टिव्ह क्लॉज नामाच्या मागून येतो : ‘द बॉय हू केम यस्टर्डे’. त्यामुळे ‘यस्टर्डे केम बॉय’ असली वाक्यं वहीत दिसतात. मुलांना सांगायचं, आधी नाम ठेव, मग त्याला शेपटी लाव.

दुसरी चूक पुस्तकी मराठीच्या जो-तो जोडीतून येते. ‘जो मुलगा काल आला तो माझा भाऊ आहे’ याचं ‘व्हिच बॉय केम यस्टर्डे, ही इज माय ब्रदर’ होतं. इंग्रजीत ‘तो’ची जागा रिकामी सोडायची असते. तसंच ‘द मॅन हूम आय मेट हिम’ मधला ‘हिम’. ‘हूम’ आला म्हणजे ‘हिम’चं काम झालं, पुन्हा लिहायचं नाही.

तिसरी सर्वांत अवघड, कारण आपल्याकडे ‘म्हणून’ सगळीकडे चालतं. ‘येतो म्हणून सांगितला’ हे कन्नडच्या ‘बर्तेने अंत हेळिद’सारखं, बोलणं आधी आणि ‘म्हणून’ मागून. इथं इंग्रजीत ‘दॅट’, नाउन क्लॉज : ‘ही सेड दॅट ही वुड कम’. ‘पाऊस आला म्हणून गेलो नाही’ इथं ‘बिकॉज’, ॲडव्हर्ब ऑफ कॉज. ‘उशीर होऊ नये म्हणून लवकर निघाला’ इथं ‘सो दॅट’, ॲडव्हर्ब ऑफ पर्पज. मुलं तिन्हीकडे ‘देअरफोर’ लिहितात. मी तिन्ही वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहून आधी मराठीतच विचारायला लावते : काय सांगितलं, का गेला नाही, कशासाठी निघाला? काय, का, कशासाठी. मराठीत हा फरक पक्का झाला की इंग्रजीत जोडशब्द आपसूक बरोबर पडतो.

येळ्ळूर_अभ्यासिका
निपाणीच्या बाई, हे अगदी आमच्याच वर्गातलं लिहिलंत. आता ‘दॅट’चं बघू. ‘द न्यूज दॅट द मार्केट वॉज क्लोज्ड वॉज फॉल्स’ आणि ‘द न्यूज दॅट ही ब्रॉट वॉज फॉल्स’. दोन्हीकडे ‘न्यूज’ हे नाम लगेच अलीकडे आहे. वरच्या दुसऱ्या चाचणीनं दोन्ही ॲडजेक्टिव्ह ठरतील. पण पहिला नाउन क्लॉज ना?

शहापूर_पीयू
होय, पहिला नाउन क्लॉज, ‘न्यूज’शी समानाधिकरण, ज्याला अपोझिशन म्हणतात. इथं भोकाची चाचणी लागते. ‘दॅट’ झाकून पुढचं वाचा.

‘द मार्केट वॉज क्लोज्ड’. पूर्ण वाक्य आहे, काही कमी नाही. ‘दॅट’ फक्त सांधा होता. नाउन क्लॉज.

‘ही ब्रॉट...’ काय आणलं? भोक पडलं. ते भोक ‘दॅट’नं भरलं होतं, म्हणजे ‘दॅट’ इथं सर्वनाम आहे, ‘ब्रॉट’चं कर्म. ॲडजेक्टिव्ह क्लॉज. खात्रीसाठी ‘व्हिच’ घालून बघा : ‘द न्यूज व्हिच ही ब्रॉट’ चालतं, ‘द न्यूज व्हिच द मार्केट वॉज क्लोज्ड’ चालत नाही.

असा नाउन क्लॉज सोबत घेणारी नामं थोडीच असतात : फॅक्ट, न्यूज, आयडिया, बिलीफ, होप, रिपोर्ट, र्‍यूमर, प्रॉमिस. आत काहीतरी ‘म्हणणं’ असलेली नामं. ‘टेबल’ किंवा ‘बस’ यांच्या मागे असा ‘दॅट’ येणारच नाही.

आणि ‘व्हॉट’नं सुरू होणारा क्लॉज ॲडजेक्टिव्ह कधीच नसतो. ‘द बुक व्हॉट आय बॉट’ चूक. ‘व्हॉट’च्या पोटातच नाम आहे, ‘दॅट व्हिच’ एवढा त्याचा अर्थ, म्हणून त्याच्या अलीकडे आणखी नाम सोसत नाही.

कडोली_वाचक
आणि गाळलेला ‘दॅट’?

शहापूर_पीयू
ॲडजेक्टिव्ह क्लॉजमध्ये सर्वनाम कर्म असेल तरच गाळता येतं, कर्ता असेल तर नाही. ‘द शॉप वी व्हिजिटेड वॉज इन गणपत गल्ली’ बरोबर. ‘द बस गोज टु निपाणी लीव्ह्ज ॲट सिक्स’ चूक, ‘द बस दॅट गोज’ लिहावंच लागतं. खूण : नामाच्या पाठोपाठ लगेच दुसरा कर्ता आला, ‘द शॉप वी’, तर मध्ये गाळलेलं सर्वनाम आहे.

किल्ला_लायब्ररी
स्वल्पविरामाबद्दल कुणीच लिहिलं नाही, आणि पीयूच्या मुलांना तो फार नडतो.

‘माय ब्रदर हू लिव्ह्ज इन निपाणी इज अ टेलर’ : भाऊ एकाहून अधिक, त्यातला निपाणीचा. ‘माय ब्रदर, हू लिव्ह्ज इन निपाणी, इज अ टेलर’ : भाऊ एकच, निपाणी ही जादा माहिती. स्वल्पविरामावर भावांची संख्या ठरते.

विशेषनामाला सहसा स्वल्पविराम लागतोच, कारण ‘कोणती मलप्रभा?’ हा प्रश्नच उरत नाही. ‘द मलप्रभा, व्हिच रायझेस ॲट कणकुंबी, जॉइन्स द कृष्णा ॲट कूडलसंगम.’ ‘गांधीजी, हू प्रिसायडेड ओव्हर द 1924 काँग्रेस सेशन ॲट बेळगाव, ...’ दोन्ही टोकांना स्वल्पविराम हवा. मुलं पहिला देतात आणि दुसरा विसरतात, मग कर्ता आणि क्रियापद तुटतात.

स्वल्पविरामानंतर ‘दॅट’ वापरायचा नाही, वस्तूला ‘व्हिच’ आणि माणसाला ‘हू’. शिवाय ‘ही पास्ड इन फर्स्ट क्लास, व्हिच प्लीज्ड एव्हरीवन’ यात ‘व्हिच’ हा ‘क्लास’ला धरून नाही, आधीच्या सगळ्या वाक्याला धरून आहे. परीक्षेत असं वाक्य आलं तर ‘क्लास’ला जोडू नका.

निपाणी_त्रिभाषिक
ॲडव्हर्बचे प्रकार पुस्तकात नऊ-दहा असतात, ते इथं परत नको. चुका होतात त्या जागा सांगते.

‘पाऊस पडला तर जाणार नाही.’ मराठीत अटीला भूतकाळाचं रूप. मुलं ‘इफ इट रेन्ड, आय विल नॉट गो’ लिहितात. पुढच्या काळाची अट असेल तर इंग्रजीत ‘इफ’च्या घरात साधा वर्तमान : ‘इफ इट रेन्स, आय विल नॉट गो’. ‘विल’ फक्त मेन क्लॉजमध्ये. हेच वेळेच्या ‘व्हेन, बिफोर, आफ्टर, अंटिल, ॲज सून ॲज’ यांनाही लागू. पण ‘आय डू नॉट नो व्हेन ही विल कम’ बरोबर आहे, कारण तो नाउन क्लॉज आहे. बघा, प्रकार ओळखणं हे पाच मार्कांसाठी नाही, काळ बरोबर यायलाही तेच लागतं.

‘जरी-तरी’मुळे ‘ऑल्दो ... बट’, ‘कारण-म्हणून’मुळे ‘बिकॉज ... सो’. इंग्रजीत दोन क्लॉजना सांधा एकच पुरतो. एक खोडा, कुठलाही.

‘अनलेस’मध्ये ‘नॉट’ आधीच आहे. ‘अनलेस यू डू नॉट स्टडी’ म्हणजे उलटा अर्थ.

‘सो दॅट’ जोडून आलं आणि मागे ‘कॅन, मे, कुड, माइट’ असलं तर बहुधा हेतू. ‘सो’ आणि ‘दॅट’ यांच्यामध्ये विशेषण किंवा क्रियाविशेषण आलं, ‘सो हेवी दॅट’, तर परिणाम.

आणि ‘बिफोर द एक्झाम’ हा क्लॉज नाही, क्रियापदच नाही त्यात. ‘बिफोर द एक्झाम स्टार्ट्स’ हा क्लॉज.

किल्ला_लायब्ररी
‘टु’ आणि ‘आयएनजी’वाली रूपं क्लॉज म्हणून मोजायची नाहीत, या खानापूरच्या सरांच्या नियमाला माझी थोडी हरकत. आजची मोठी इंग्रजी व्याकरणं ‘टु बाय अ सारी’ किंवा ‘हॅव्हिंग फिनिश्ड द वर्क’ यांनाही क्लॉजच म्हणतात, नॉन-फायनाइट क्लॉज. मुलं पुढं डिग्रीला इंग्रजी घेतात तेव्हा आधीचं सगळं खोटं होतं असं त्यांना वाटतं. आत्ताच सांगावं.

खानापूर_इंग्लिश
मुद्दा रास्त आहे, पण दहावीच्या वर्गात मी ते आणणार नाही. शालेय विश्लेषणात त्यांना फ्रेज म्हणतात आणि मार्क त्यावर मिळतात. मुलाला आधी फायनाइट-नॉनफायनाइट फरक हाताला बसू दे. तो बसला की पुढे ‘यांनाही क्लॉज म्हणतात’ हे एका तासात समजतं. पीयूच्या दुसऱ्या वर्षात सांगायला हरकत नाही. सिंपलचं कॉम्प्लेक्स करताना तसाही उपयोग होतो : ‘बीइंग इल, ही स्टेड ॲट होम’ मधलं ‘बीइंग’ फायनाइट करा, कर्ता द्या, सांधा द्या, ‘ॲज ही वॉज इल’. तीन कामं. एक राहिलं तरी वाक्य मोडतं.

किल्ला_लायब्ररी
पीयूला सांगायचं, एवढं मान्य.

येळ्ळूर_अभ्यासिका
सर्वांचे आभार. उद्याच्या वर्गासाठी सहा वाक्यं काढलीत, सगळी ‘व्हेअर’ आणि ‘ॲज’ची. उत्तरं तपासून द्याल का?

१. आय नो व्हेअर द पोस्ट ऑफिस इज. नाउन.
२. द गल्ली व्हेअर वी लिव्ह इज नॅरो. ॲडजेक्टिव्ह.
३. स्टँड व्हेअर यू आर. ॲडव्हर्ब, प्लेस.
४. ॲज ही वॉज लेट, ही मिस्ड द बस. ॲडव्हर्ब, टाइम.
५. डू ॲज आय से. ॲडव्हर्ब, मॅनर.
६. शी इज ॲज टॉल ॲज हर मदर. क्लॉज नाही, क्रियापद एकच.

शहापूर_पीयू
पहिली तीन आणि पाचवं बरोबर.

चौथं कॉज. ‘ॲज’च्या जागी ‘बिकॉज’ घालून वाचा, अर्थ तोच राहतो. ‘व्हाइल’ घालून बसलं असतं तर टाइम, ‘ॲज वी क्रॉस्ड द ब्रिज, वी सॉ द फ्लड’ सारखं.

सहाव्यात क्लॉज आहे. ‘ॲज हर मदर इज’, शेवटचं ‘इज’ गाळलेलं. ॲडव्हर्ब क्लॉज ऑफ कंपॅरिझन. ‘दॅन’ आणि ‘ॲज ... ॲज’ आलं की गाळलेलं क्रियापद कंसात लिहून घ्यायला लावा आणि मगच समासातला आकडा लिहा, नाहीतर मोजणी एकानं कमी भरते.

पहिल्या वाक्यात ‘व्हेअर इज द पोस्ट ऑफिस’ असं उलटं लिहिणारी मुलं निघतील. नाउन क्लॉजच्या पोटात प्रश्नाचा क्रम येत नाही, कर्ता आधी आणि क्रियापद मागून. तेवढं उद्या फळ्यावर दोन्ही रूपं शेजारी लिहून दाखवा.